खालचा सूर

"काकांकडे बघा," बाई म्हणाल्या, तशा पुढच्या बाकांवरच्या सगळ्या वेण्या आणि सगळी शेंबडी नाकं मागे वळली.

मागच्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून बसलेला रंगारी ओशाळला. पण बासरी त्यानं तोंडाशी नेली. ही आडवी बासरी नव्हे. उभी धरून चोचीतून फुंकायची, रेकॉर्डर म्हणतात तिला. नवशिक्यांच्या त्या वर्गात पिकल्या केसांचा तो एकटाच. त्यानं सगळी भोकं झाकली आणि सगळ्यात खालचा सूर लागला. मऊ, मांडीवर झोपलेल्या मांजराच्या पोटातून यावा तसा. पोरांना नेमका हाच जमत नव्हता. ती जोर लावत, आणि जोर लावला की त्याच मांजराचं शेपूट दारात सापडे.

"फुंकायचं नाही, नुसता सोडायचा," बाई म्हणाल्या. "श्वासावर ताबा असावा तर असा."

त्याला न्यायला आलेली बायको दाराशी उभी होती. ताबा कसला, तिच्या मनात आलं. डब्याचा तळ दिसायला लागला की कुठलीही बाई हात आखडूनच वाढते.

रंगाऱ्यानं उभा जन्म लोखंडी कपाटांच्या कारखान्यात फवाऱ्यानं रंग मारला. तोंडाला रुमाल बांधायचा आणि मुकादम जवळ असेपर्यंत खोकला गिळायचा. कपाटं अशी चमकत की त्यांत बघून भांग पाडावा. पण कपाटाला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुला रंगवलं कुणी. रंग उरला तो याच्या छातीत. डॉक्टरांनी आधी फुंकून चेंडू उडवायचं प्लॅस्टिकचं खेळणं दिलं. मी काय पाळण्यातला आहे, म्हणून ते माळ्यावर गेलं. मग डॉक्टर म्हणाले, निदान काहीतरी वाजवा, श्वास हळू सोडायची सवय होईल. जवळच्या शाळेत संध्याकाळचा वर्ग होता. होता पोरांचा, पण बाईंनी नाही म्हटलं नाही.

पहिले काही दिवस शेजारीण भिंतीपलीकडून विचारी, कुकर झाला की भावजींचा रियाज? मग किंचाळणं थांबलं. शेजारणीला वाटलं, शिकला. त्यालाही तेच वाटलं. शर्टाची बटणं लावता लावता तो मध्येच खाटेवर टेकायला लागला होता, ते फक्त बायकोनं पाहिलं. आणि तो वजनकाट्यावर उभा असताना डॉक्टर तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले होते, की श्वास आता वाढायचा नाही. आहे तो पुरवायचा.

शाळेचा कार्यक्रम ठरला, तेव्हा हे बाईंच्या कानावर घालायचं तिनं ठरवलं. बोलायचं काय तेही वाटेत घोकलं. पण तिला पाहताच बाईच म्हणाल्या, "बरं झालं आलात. शेवटी मुलं वरचा सूर धरतील आणि त्याच्याखाली काकांचा. तो पाया. एकट्या काकांवर सोपवलाय."

ती बरं म्हणाली आणि परत आली. सांगायला गेली होती कडू, आणि बाईंनी पदरात साखर बांधून दिली. ती कुठे फेकणार?

घरी त्यानं ऐकलं, आणि बराच वेळ नुसता पाया, पाया म्हणत बसला. मग विचारलं, "खरं सांग. श्वास सुधारलाय ना माझा?"

"बाई उगाच म्हणतील का?" ती म्हणाली. खोटं बोलावं लागलं नाही, एवढंच समाधान.

कार्यक्रमाला त्यानं इस्त्रीचा सदरा घातला. जिन्यावर दोनदा थांबला, ते चपलेचा अंगठा बघायला म्हणून. पोरांनी चाल बरी वाजवली. शेवट आला. पोरांनी वरचा सूर धरला, बाईंचा हात खाली गेला, रंगाऱ्याची बोटं भोकांवर बसली. सगळी नीट, एकही भोक उघडं नाही. डोळे बाईंच्या हातावर. बायको पहिल्या रांगेत कान लावून बसली होती. घरात ऐकून ऐकून तो सूर तिला झोपेतही ओळखू आला असता. पोरांच्या सुराखाली तिनं तो शोधला. खाली काही नव्हतं.

बाईंचा हात थांबेपर्यंत त्यानं बासरी ओठांवरून काढली नाही. टाळ्या झाल्या.

"काका, आज इतका मऊ लागला," बाई म्हणाल्या, "की मुलांच्या सुरात विरघळूनच गेला."

तो मान डोलावून हसला. बोलण्याएवढा दम नव्हता.

घरी येऊन खाटेवर टेकल्यावर त्यानं विचारलं, "तुला ऐकू आला?"

"शेवटपर्यंत," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि बासरी पुढे केली. "पुसून ठेव गं. फुंकेच्या वाफेनं आतून ओली होते. तशीच राहिली तर खराब होईल."

तिनं बासरीचे दोन तुकडे सोडवले. काडीला गुंडाळलेलं फडकं एका टोकातून घातलं, दुसऱ्यातून काढलं. फडकं कोरडं होतं. घातलं तसंच.

तो बघत होता. ती उठली, मोरीशी जाऊन फडकं पिळल्यासारखं केलं, झटकलं आणि दोरीवर चिमटा लावून वाळत घातलं.