काकांनी दिलेले पाने

मेहुणा आपला कराचा अर्ज भरून घ्यायला बसला की आपण घरात थांबू नये, हे पैलवानाला फार उशिरा कळलं. पैलवान कसला, अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून तर गॅरेजमध्ये सगळे त्याला तसं चिडवायचे. मेकॅनिक मात्र एक नंबर.

कामासाठी पदरमोड करून हत्यारं घेतली, तर नोकरदाराला करात सूट मिळायची. पैलवानाने पान्यांचा नवा संच घेतला होता आणि पावतीही त्याच्याच नावाची होती. पण पैसे दिले होते गॅरेजच्या मालकांनी, म्हणजे काकांनी. "माझ्याच गाड्या दुरुस्त करतोस ना? मग तुझ्या खिशाला चाट कशाला?" असं म्हणून त्यांनी नोटा त्याच्या हातात कोंबल्या होत्या. आता अर्जात सरळ विचारलेलं, मालकाने पैसे दिले का? "नाही लिही," मेहुणा म्हणाला. "कोण बघायला येतंय!" बायकोने डोळे वटारले. तरी पैलवानाने 'नाही' लिहिलंच. फुकटचं कोणाला नको असतं?

आज तो जॅकवर चढवलेल्या गाडीखाली पाठीवर पडून ब्रेक बघत होता, तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

"कर कार्यालय? हां, बोला. पाने? घेतलेत ना त्याने." काका थांबले. पैलवान गाडीखालून कान देऊन ऐकू लागला. "नाही हो, मी काही दिलं नाही. त्याच्याच पैशाचे आहेत."

ज्या माणसाने जन्मात कधी गिऱ्हाइकाला जुना पार्ट नवा म्हणून विकला नाही, तो आपल्यापायी खोटं बोलला! पैलवानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीखालून बाहेर यायचीच लाज वाटत होती.

शेवटी आला, हात पुसत. "काका, तुम्ही कशाला खोटं बोललात?"

"मग काय, तुला दंड होऊ देऊ? घरी पोरं आहेत तुझी."

"चुकलं माझं. उद्याच जाऊन अर्ज मागे घेतो."

"आणि मला खोटा पाडतोस?"

 पैलवान स्वतः खोटं बोलला तो बोलला, वर काकांनाही त्यात अडकवून ठेवलं. आता निस्तरायची सोयही उरली नव्हती.

"निदान ते पैसे तरी पगारातून कापा."

"कापतो," काका म्हणाले. रागावले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

त्याने ब्रेकचं काम उरकलं, चाक बसवलं, नट आवळले, गाडी खाली घेतली. "काका, गाडी तयार."

इतक्या वर्षांत एवढं म्हटलं की काका किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे. आज ते पाना घेऊन आले, दुखऱ्या गुडघ्यावर कसेबसे टेकले आणि चाकाचा एकेक नट तपासू लागले. पैलवान बाजूला उभा राहून बघत होता.

सगळे घट्ट होते. "ठीक आहे," म्हणत काका उठले आणि गिऱ्हाइकाला हाक मारली.