तासातली सहा मिनिटं

मी गोदामातला नऊ नंबरचा स्कॅनर बोलतोय. खोक्यावरच्या काळ्या रेघा वाचायच्या, 'टिक' करायचं आणि तासाला किती वस्तू उचलल्या ते मोजायचं, एवढंच माझं काम. मला भूक नाही, तहान नाही, पगारही नाही. पण पगारदारांच्या हातात सहा वर्षं काढली आहेत, म्हणून चार शब्द सांगतो.

आम्ही चाळीस भावंडं एकाच खोक्यातून इथे आलो. माझी गाठ पडली भिंगरीशी. पायाला भिंगरी लावल्यासारखी चालायची, म्हणून सगळे तिला तेच म्हणत. पस्तिशीची बाई. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, दोन मुलं आणि नवऱ्याला आज काम तर उद्या नाही. सकाळी मला खुंटीवरून काढलं की बाहीने माझी काच पुसायची आणि म्हणायची, "चल रे बाबा, लागू कामाला."

तासाला शंभर वस्तू असा नियम होता. भिंगरी एकशे चाळीस करायची. साबण कुठल्या फळीवर आणि बॅटऱ्या कुठल्या, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. मान मोडून काम केलं की कुणीतरी दखल घेतंच, अशी तिची समजूत होती. तशी ती घेतलीही गेली. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, भिंतीवर तिचा फोटो लावला आणि तिला एक कप दिला.

पुढच्याच महिन्यात नियम बदलला. आता सगळ्यांना एकशे पंचवीस.

"एक बाई एकशे चाळीस करते, मग बाकीच्यांना काय झालंय?" साहेब म्हणाले.

वस्तू कमी भरल्या की आमची काच लाल व्हायची. कुणाच्या हातात लाल होणं मला आवडत नसे, पण मला कोण विचारतो?

सगळ्यांत जास्त लाल व्हायचा चौदा नंबर. तो काकांकडे असे. काका छप्पन्न वर्षांचे, काम चोख, गुडघे मात्र कुरकुरणारे. एकशे दहा-बाराच्या पुढे त्यांची गाडी सरकेना. त्यांना एक लेखी समज मिळाली. दुसरी मिळाली की घरी. आणि त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण संपायला अजून अकरा महिने होते.

जेवणाच्या सुट्टीत काका डबा न उघडताच बसले होते. भिंगरीने विचारलं, "काका, रागावलात का माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला रागावू, पोरी? पण खरं सांगू? धावलीस तू आणि धाप लागली आम्हाला."

त्याच दुपारी ती साहेबांच्या खोलीत गेली. मी कमरेला होतोच.

"साहेब, माझ्यामुळे सगळ्यांचं काम वाढलं. मग पगारही वाढायला हवा ना?"

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. "हे बघा बाई, पगार घामावर ठरत नाही. तुमच्या जागी दुसरं माणूस किती लवकर मिळतं, त्यावर ठरतो. बाहेर रांग लागलीये."

"आणि तुमच्या जागी?"

साहेब हसले. "मिळेल की. जरा उशिरा मिळेल, एवढंच."

माल लवकर निघू लागला म्हणून त्यांना बढती मिळाली होती. गोदामात सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्या खोलीत मात्र तो विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी बदलली. माझ्यात बरोबर एकशे पंचवीस भरले की थांबायची. तेवढ्याला तिला चौपन्न मिनिटं पुरत. उरलेल्या सहा मिनिटांत ती मला कमरेला अडकवायची, काकांच्या यादीतल्या लांबच्या, उंच फळीवरच्या वस्तू आणायची आणि त्यांच्यापुढे ठेवायची. स्कॅन काका करायचे.

"अगं, कुणी पाहिलं तर दोघंही घरी बसू," काका कुजबुजले.

"माझं काम संपवूनच आलेय. तुम्ही टिक करा, उगाच घोळ घालू नका."

तिचं सगळ्यांत चांगलं काम मी त्या सहा मिनिटांत पाहिलं, आणि माझ्या मोजणीत ते कुठेच नाही.

साहेबांनी आकडे पाहून तिला बोलावलं. "बाई, एकशे चाळीसचे एकशे पंचवीस कसे झाले? तब्येत बरी नाही का?"

"ठणठणीत आहे, साहेब. नियम एकशे पंचवीसचाच आहे ना?"

साहेबांनी तिला कामावर परत पाठवलं. भिंतीवरचा फोटो तेवढा उतरला.

हळूहळू इतरांनीही तेच धरलं. जो आधी आटपेल, तो मागे राहिलेल्याची यादी हातात घेई. नियम आणखी वाढवायला साहेबांना कुणाचाच मोठा आकडा सापडेना. माल वाढला तेव्हा चार नवी माणसं घ्यावी लागली. पगार मात्र वाढला नाही, ते खोटं सांगणार नाही.

काकांना दुसरी समज कधीच मिळाली नाही. मुलीला नोकरी लागली त्या आठवड्यात त्यांनी आपणहून काम सोडलं. जाताना भिंगरीला म्हणाले, "लेकीला सांगितलंय, मन लावून काम कर, पण शेजारणीला धाप लागलीये का, तेही बघ." भिंगरीने त्यांना फाटकापर्यंत सोडलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ती हळू चालली.

आता बोटात घालायचे नवे स्कॅनर आलेत. आम्ही जुने भंगाराच्या पेटीत पडून आहोत; सोमवारी गाडी येणार आहे. साहेब लोकांना जाता जाता एकच विनंती. पुढचा नियम लावण्याआधी मला हातात घ्या आणि या फळ्यांमधून एक तास स्वतः चालून बघा. माझी बॅटरी तेवढी पुरेल.