मगरीला दोन तारे

वारसितीचं नाव एवढंच, वारसिती. तिच्या वडिलांचंही एकच नाव होतं, आणि जावातल्या त्या नदीकाठच्या गावात निम्म्या लोकांचं तसंच असतं. त्यामुळे पुस्तकवेड्यांच्या त्या नव्या साइटवर आडनावाचा रकाना आला आणि ती अडली. तो भरल्याशिवाय साइट पुढे जाऊ देईना.

"काहीही लिही गं ताई," शाळेत तिच्याबरोबर शिकवणारी रतिह सोयाबीनच्या तळलेल्या टेम्पेचा तुकडा चावत म्हणाली. "माझ्या काकांनी आपलंच नाव दोनदा लिहिलं. आता त्यांना सगळीकडून दोन-दोन आमंत्रणं येतात."

गावातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये वारसितीच्या नावापुढे जे लिहिलेलं असे, तेच तिने लिहिलं. करांगजाती शाळा.

मग मात्र ती रमली. वाचलेली पुस्तकं एकेक करून पडद्यावरच्या फळीवर मांडत गेली. त्यात शाळेत नुकतंच आलेलं 'नदीकाठची मगर' दिसलं. त्याच्याविषयी कोणीच काही लिहिलं नव्हतं. तिला वाईट वाटलं, म्हणून तिने मनापासून लिहिलं, "तिसऱ्या पानावर माझी मुलं जांभया देतात. ही मगर तोंड उघडते ती उपदेश करायला. जिची भीती वाटत नाही ती मगर कसली? दोन तारे."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रतिह जवळ आली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"ताई, मगरीचं पुस्तक कोणाचं आहे माहितीये? पाक कुंचोरोंचं. टोपणनावाने लिहितात ते."

वारसितीने चहा खाली ठेवला. पाक कुंचोरो, म्हणजे कुंचोरो साहेब, तालुक्याचे शाळा तपासनीस होते. वारसितीसारख्या मानधनावरच्या कोणत्या शिक्षिकेला ठेवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे दर वर्षअखेर तेच ठरवत, आणि वर्ष संपत आलं होतं. दुसरीच्या वर्गातल्या मुलांना तिने पेन्सिल धरायला शिकवलं होतं. ती मुलं गेली, तर तिच्यापाशी उरणार काय?

रतिहने फोन पुढे केला. साइट पहिल्या नावाचं एकच अक्षर दाखवत होती, आडनाव मात्र पूर्ण. 'वा. करांगजाती शाळा.' खाली बारीक अक्षरात होतं, लेखकाने हा अभिप्राय वाचला आहे.

"अख्ख्या शाळेने ठराव करून साहेबांना नापास केल्यासारखं दिसतंय," रतिह म्हणाली. तिला स्वतःलाही हसू आलं नाही.

वारसितीने अभिप्राय पुसून टाकला. पण वाचलेलं कसं पुसणार? त्या दिवसापासून रस्त्यावर मोटारसायकल थांबली की साहेबच आले असं वाटून ती खिडकीशी जाई.  आणि शनिवारी मुख्याध्यापिका बू लास्त्री, म्हणजे लास्त्री बाई, म्हणाल्या, "सोमवारी साहेब येताहेत. तुझाच वर्ग बघायचाय म्हणाले. काय केलंस गं?"



सोमवारी पाक कुंचोरो आले आणि मागच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसले. पिशवीतून त्यांनी तेच पुस्तक काढलं. तसलंच एक तिच्या टेबलावर होतं.

"बू वारसिती, हे मुलांना वाचून दाखवा."

तिच्या मनात आलं, आवाज काढू, गुरगुरू, मुलं घाबरली की वाचलो. ती गुरगुरलीही. पण तिसऱ्या पानावर मगर म्हणाली, "बाळांनो, नदीत कचरा टाकू नका," आणि पहिल्या रांगेतल्या बागासने हे एवढं मोठं तोंड उघडून जांभई दिली. त्याच्या शेजारची सकार म्हणाली, "बू, ही मगर आपल्या मोठ्या बाईंसारखी बोलते."

दारात उभ्या असलेल्या बू लास्त्री एकदम छताकडे बघू लागल्या. 

"मग," पाक कुंचोरोंनी विचारलं, "दोन तारे जास्तच झाले का?"

 खोटं बोलणं सोपं होतं. पण समोर मुलं बसली होती, आणि खरं बोला म्हणून त्यांना रोज तीच सांगायची.

"मगर बोलली नसती तर तीन दिले असते, पाक," ती हळूच म्हणाली.

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. 

"माझ्या पुस्तकावर कोणीतरी लिहिलेलं तेवढंच होतं," ते म्हणाले. "ते का पुसलंत?"

"भीती वाटली."

"मलाही वाटली, इथे येताना." ते कष्टाने बाकावरून उठले आणि बू लास्त्रींना म्हणाले, "यांना इथून हलवू नका. मला मगर पुन्हा लिहायचीय."

पावसाळा सरताना एका संध्याकाळी त्या साइटवर तिला पाक कुंचोरोंनी नव्याने लिहिलेल्या गोष्टीचं एक पान आलं. त्यात मगर एक शब्दही बोलत नव्हती. नदीकाठी एक मुलगी भांडी घासत होती, आणि पाण्यावर एक ओंडका हळूहळू काठाकडे सरकत होता. एवढंच.

वारसितीच्या घरामागे नदी वाहत होती. तिथे काहीतरी डुबकन वाजलं. ती उठली, आधी मागचं दार लावून घेतलं, आणि मग फोन उचलून तारे द्यायला बसली.