बिरड्याचा डबा

कावळे काठावरच्या उंच भेंडीच्या झाडावर बसले होते, पण पिंडाला शिवायला एकही खाली उतरत नव्हता. धरमतर खाडीच्या काठावर ऊन डोक्यावर आलं, तरी हिरामण उपाशीपोटी हात जोडून उभाच होता.

थोरला भाऊ दिनानाथ बार्जवरचा माल उतरवता उतरवता छातीत कळ येऊन गेला. पाच वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको मालू ख्रिस्ती झाले होते. भावाला दिलेल्या शब्दाखातर हिरामणने त्याला रोह्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरू दिलं. पण निदान दहावा तरी घालायचाच, असा हट्ट धरला. आता कावळ्यांनीच अडवणूक मांडली होती.

"त्याचा जीव बायकोत आडकलाय," म्हातारी चुलती म्हणाली. "मालूला बोलवा."

मालू मिनीडोर रिक्षातून उतरली ती हातात डबा घेऊनच. वीस वर्षं पेणला पापड लाटायला जाणारी ही बाई कधी कुणाला उलटून बोललेली गावाला आठवत नव्हती. बायकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, आधी मनगटांकडे पाहिलं. हिरव्या बांगड्या जशाच्या तशा होत्या.

"काय गो, लाज हाय का नाय?" चुलती म्हणाली. "नवरा जाऊन दहा दिस झाले."

"निजलाय तो. उठणार हाय," मालू म्हणाली. "मग बांगड्या कशाला फोडू?"

हिरामण पुढे आला. "वहिनी, पिंडासमोर येवढा शबूद दे. येशूचं सोडते, घरच्या देवांकडं परत येते म्हण. दादा सुटंल. नायतर आजपासून आमचं दार तुला बंद."

सगळी भावकी ऐकत होती. मालूला ना मूल ना माहेर. हे दार बंद झालं की आजारपणात पाणी द्यायलाही कुणी यायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सोडणार नाय," ती म्हणाली. "आन् तो सुटलाय आधीच. येशूनं जीव दिला त्याच्यासाठी. आपण काय करून कुणाला सोडवायचं नसतं, भावजी. ते फुकट मिळतं."

"फुकट काय मिळतं का या जगात?"

"येवढं येकच मिळतं."

मघापासून घड्याळ बघणारे भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले. तो पिंडाला टेकवला आणि विधी उरकला. हिरामणचा चेहरा मात्र तसाच उतरलेला राहिला.

मालूने खाली बसून डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. "जेवा भावजी. सकाळधरनं पोटात काय नाय तुमच्या."

तेवढ्यात भेंडीवरून एक कावळा झेपावला आणि बिरड्याने माखलेला भाकरीचा तुकडा उचलून दोन हातांवर जाऊन बसला.

"आला गो माझा दिनू," चुलती रडायला लागली. "बिरडं त्याच्या जिवाचं. तुझ्या हातचं खायला आला."

मालूने कावळ्याकडे पाहिलं. मानायला काय हरकत होती? दहा दिवसांत नवऱ्याची एकही हाक कानावर आली नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"कावळा हाय तो," ती म्हणाली. "माझा माणूस कावळा होऊन नाय यायचा. सोताच्या पायांनी येईल."

तरी तिने आणखी एक तुकडा मोडून कावळ्यापुढे टाकला. त्या बिचाऱ्याचा काय दोष. मग उरलेली भाकरी बिरडं घालून हिरामणसमोर धरली. हात पुढे करताना बांगड्या वाजल्या, सगळ्यांना ऐकू गेल्या.

हिरामणने भावकीकडे पाहिलं नाही. तो तिच्यासमोर खाली बसला आणि जेवायला लागला.