हाकेआधी

"पुन्हा तापवा. वाफ दिसली पाहिजे म्हणे. आणि पिणार कोण, तर मोरी," मालनबाई गॅसपाशी पुटपुटल्या आणि कपातलं दूध परत पातेल्यात ओतलं.

सुनेला, शिवानीला, ऐकू गेलं, पण तिने मान वर केली नाही. अभिराज पोटात होता तेव्हापासून ती आईपणाचा ब्लॉग लिहायची. आताशा लोक वाचण्यापेक्षा बघायचे, म्हणून व्हिडिओही टाकायची, वर एखादं छानसं गाणं लावून. आजची जाहिरात ज्यांची होती त्या दुधाच्या पावडरवाल्यांना मात्र गाणं नको होतं. आईने हाक मारायची, लेकराने धावत येऊन कप धरायचा. आवाज खराखुरा.

अडीच वर्षांचा अभिराज गॅलरीच्या जाळीला नाक लावून कबुतरं बघत होता.

"अभी, ये राजा."

कबुतरं.

"अभिराज, इकडे बघ."

"रमलाय गं," मालनबाई त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "स्वल्प थांब."

रमलाय, हट्टी आहे, बापावर गेलाय, मुलगे उशिराच बोलतात. घरात असल्या शब्दांना तोटा नव्हता. आणि त्याला बोलवायचं तर आधी खांद्याला हात लावायचा, हेही सगळ्यांना येत होतं. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

शिवानीने फोनवर पुन्हा रेकॉर्डिंग चालू केलं. मालनबाई ओट्यावरचं फडकं घेऊन गॅलरीच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने उभ्या राहिल्या आणि ते हळूच हलवलं. पोराने पाहिलं. त्यांनी बोट दाखवलं, तो वळला, आई दिसली, आणि हसत धावत सुटला तिच्याकडे.

"सरी, ठीक झालं की," मालनबाई म्हणाल्या.

व्हिडिओ कंपनीला गेला. थोड्या वेळाने कंपनीतल्या संहिताचा निरोप आला: 'ताई, फार गोड! फक्त बाळ तुमच्या हाकेआधीच वळतंय. परत एकदा कराल?'

शिवानीने व्हिडिओ पाहिला. परत पाहिला. मग सासूकडे बघितलं. मालनबाई घडी घातलेल्या फडक्याची पुन्हा घडी घालत होत्या.

शिवानी फोनमधले जुने व्हिडिओ उघडत गेली, गाणी लावण्याआधीचे. वाढदिवसाचे फुगे, झोपाळा, आंघोळ. सगळीकडे तिचाच आवाज. अभी. अभी, बघ ना. अभी. मालनबाईंना ती सगळी गाणी पाठ होती. त्या गाण्यांखाली काय होतं, ते माहीत नव्हतं असं आता म्हणवेना.

फोन वाजला. शिवानीने स्पीकर लावला.

"ताई, घाई नाहीये हां," संहिता म्हणाली. "त्याचा मूड नसेल तर उद्या करू."

"झोप झाली नाही म्हणून सांग," मालनबाई कुजबुजल्या.

अभिराज आईच्या गुडघ्याला टेकून कपातल्या गार दुधात बोट बुडवत होता. शिवानीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने लगेच वर पाहिलं.

"मूडचं नाही, संहिता," ती म्हणाली. "त्याला ऐकू येत नाही."