दोऱ्याचं पिंपळपान

टक्.

दोरा तुटला तसा विहारात बसलेला पोरांचा घोळका खदाखदा हसला. तिसऱ्यांदा तुटला होता. आणि तुटला म्हणजे काय, गोरखनं स्वतःच्या हातानंच तोडला होता. तर्जनीला एक वेढा, मनगटाला हलकासा झटका, आणि दोन तुकडे. काम अगदी सफाईदार. फक्त दोरा तोडायचा नव्हता, एवढंच.

"काका, अहो तोडू नका ना," अनघा म्हणाली. तिनं हसू ओठांत दाबलं होतं, पण ते डोळ्यांत दिसतच होतं. "एकच दोरा शेवटपर्यंत न्यायचाय."

"ठाव हाय गं," गोरख म्हणाला. "ह्ये बोट ऐकत न्हाई."

आता ते बोट तरी का ऐकेल? गोरखला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून तो लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानात खोकी बांधत होता. छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं, खाली गोरख. गिऱ्हाइकानं वजन करून घेतलेलं खोकं समोर आलं की दोन वेढे आडवे, दोन उभे, वर गाठ आणि झटका. बघणाऱ्याची पापणी लवायच्या आत खोकं गिऱ्हाइकाच्या हातात. मुंबईची पोरं काउंटरला नाक लावून उभी राहायची आणि पुन्हा करून दाखवा म्हणायची. उभ्या आयुष्यात गोरखनं कातरीला हात लावला नाही. भाजे गावातनं मळवली स्टेशन, तिथनं गाडी, दिवसभर दोरा, संध्याकाळी परत. असं करता करता केस पांढरे झाले.

मग गेल्या दिवाळीच्या आधी दुकानात धरायला कड्या असलेल्या छापील पिशव्या आल्या, चिकटपट्टी आली, आणि रीळ खाली उतरलं. धाकटे शेठ वाईट माणूस नव्हे. त्यांनी शाल दिली, नारळ दिला, सगळ्या नोकरांना बोलावून चार चांगले शब्द बोलले आणि चिक्कीची दोन खोकी हातात ठेवली. त्या खोक्यांनाही चिकटपट्टीच होती. गोरखनं ती घरी आणून फळीवर ठेवली, ती कितीतरी दिवस कुणी उघडली नाहीत.

घरी बसल्यावर माणसाचं काय होतं ते सरूबाईला विचारा. जळणाच्या मोळ्या बांधून झाल्या. वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून झाले. एकदा तर तिनं वाटणासाठी आणलेली कोथिंबीर यानं चिमूट चिमूट जुड्या करून बांधून ठेवली. सरूबाई कपाळाला हात लावून बसली. ओरडायला तोंड उघडलं, पण नवरा त्या जुड्यांकडं असा बघत बसला होता की तिच्याच्यानं बोलवेना. हात शाबूत आहेत आणि त्यांना मागणारं कुणी नाही, हे दुःख सांगायचं कुणाला आणि कसं? गोरख सांगत नव्हता. नुसता गप्प गप्प होत चालला होता.

म्हणून चुलत दिराची मुलगी अनघा जेव्हा म्हणाली की सुट्टीत विहारात पोरांना घेऊन खिळे-दोऱ्याचं पिंपळपान करायचंय, ठोकाठोकीला मोठं माणूस हवं, तेव्हा सरूबाईनं गोरखला अक्षरशः हाताला धरून विहारात नेऊन बसवलं.

अनघा पुण्याला शिक्षिकेचं शिकत होती. एका लाकडी फळीवर खिळे ठोकायचे, खिळ्यांवरून दोरा फिरवायचा आणि त्यातून चित्र उमटवायचं, हे तिनं कॉलेजात केलं होतं. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर पोरांच्या हातचं भलंमोठं पिंपळपान लागलं पाहिजे, असं तिनं वस्तीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. विहार समितीचे केरबातात्या नाही म्हणाले नाहीत. पण दर वर्षीचा फ्लेक्स त्यांनी लोणावळ्यात सांगून ठेवला. तासाभरात छापून मिळतो, पोरांचं नाही झालं तर असू द्या हाताशी, म्हणाले. ते गोरखच्या कानावर आलं होतं. तासाभरात, चकचकीत, कुणाचा हात न लागता. त्याला दुकानातली ती पहिली छापील पिशवी आठवली होती.

पहिले दोन दिवस छान गेले. एका बंगल्याच्या दुरुस्तीत निघालेलं दाराचं फळकूट वस्तीतल्या धम्मदीपनं आपल्या टेम्पोत टाकून आणलं. पोरांनी ते काळ्या रंगानं रंगवलं. अनघानं कागदावर पान काढून त्यावर चिकटवलं, आणि कडेनं नि मधल्या शिरेवर खिळे ठोकायचे ठिपके दिले. पोरांची बोटं ठेचू नयेत म्हणून गोरखनं खिळे कपडे वाळत घालायच्या चिमट्यांत धरायला लावले. चिमटा पोरानं धरायचा, हातोडी दुसऱ्यानं मारायची. वस्तीभर ठोकठोक चालली होती.

घोडं अडलं दोऱ्यापाशी. एक फळी, एक दोरा आणि पोरं पंधरा-वीस. एकाच्या हातात दोरा गेला की बाकीची ढुशा देत उभी. कुणी सैल धरी, कुणी खिळा चुकवी, आणि एकानं सोडला की आधीच्या दहाजणांचं ढिलं पडे. तिसऱ्या दिवशी दुपारी पानाचं पार कोळिष्टक झालं होतं. अनघानं सगळं उसवलं आणि रीळ गोरखच्या हातात दिलं. काका, दोरा तुमच्यासारखा कुणाला ताणता येणार, म्हणाली.

गोरखच्या अंगावर मूठभर मांस चढलं. किती महिन्यांनी कुणीतरी त्याच्या हातात दोरा देत होतं. त्यानं पहिली गाठ मारली, दोरा तारेसारखा ताणला, दोन वेढे, आणखी दोन, आणि टक्. पुन्हा जोडला. चार वेढे, टक्. पोरं हसली. तिसऱ्या वेळी तो मनाशी मोजत होता, तोडायचा नाही, तोडायचा नाही असं घोकत होता, तरी चौथ्या वेढ्याला बोटानं आपलं काम केलंच. मघाशी सांगितलं ते हसणं या वेळचं.

पोरांच्या मनात काही नव्हतं, पोरंच ती. पण गोरखला ते हसणं झोंबलं. त्यानं रीळ खाली ठेवलं.

"न्हाई व्हायचं माज्याच्यानं," तो म्हणाला. "फ्लेक्सच बरा."

आणि चपला पायात सरकवून निघून गेला. अनघा दारापर्यंत मागं आली, पण त्यानं वळून पाहिलं नाही.

घरी त्यानं सरूबाईला काही सांगितलं नाही. पण वस्ती ती केवढी, ते त्याच्या आधीच घरी पोचलं होतं. जेवताना ती एवढंच म्हणाली, "चार दिस ऱ्हायलेत पौर्णिमेला. पोरीचं नाक कापलं जाईल." गोरखनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. आपल्या हातांना येतं ते एकच, आणि आता ते जिथं जाईल तिथं नासधूस करणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

सकाळी तो दात घासत ओट्यावर उभा असताना पायल आली. पायल म्हणजे शेजारच्या रेणुकाची मुलगी, चौथीतून पाचवीत गेलेली, तोंडानं फटकळ. तिनं दोऱ्याचं नवं रीळ पुढं केलं आणि म्हणाली, "आबा, दोरा तोडून द्या. कालचा संपला."

पोरगी खिजवायला आली असं गोरखला वाटलं. त्याचे कान तापले. चूळ भरून तो काही बोलणार, तेवढ्यात पायलच घाईघाईनं सांगू लागली. काल आबा गेल्यावर ताई रडवेली झाली होती. मग पायलनं आबांनी तोडलेले तुकडे जमिनीवरून उचलले आणि एकेक तुकडा नुसता या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत बांधून बघितला. तिचं बघून प्रज्ञेशनं बांधला, मग बाकीच्यांनी. भांडण झालंच नाही, कारण ज्याचा तुकडा त्याच्या हातात. पण तुकडे संपले. ताईनं कातरीनं कापून दिले तर एक लांब, एक आखूड, आणि कापेपर्यंत पोरं खोळंबलेली.

"ताईची कातर लय हळू आहे," पायल म्हणाली. "तुमी चला."

गोरख तिच्याकडं बघत राहिला. मागं दारात सरूबाई उभी होती. तिनं त्याचा सदरा आणून त्याच्या खांद्यावर टाकला.

विहारात फळी जमिनीवर आडवी ठेवलेली होती. पानाच्या एका कोपऱ्यात, शेपटीपाशी, हिरवे दोरे ओळीनं बांधलेले दिसत होते, मधल्या शिरेपासून कडेपर्यंत, खऱ्या पानाच्या शिरा असाव्यात तसे. गाठी ढिल्या होत्या, काही सुटल्याही होत्या. पण पान होतं ते. कोळिष्टक नव्हतं. अनघा कालच्याबद्दल काही बोलू पाहत होती. गोरखनं मानेनंच राहू दे म्हटलं आणि सगळ्या पोरांना फळीच्या चारी बाजूंनी बसवलं.

आधी गाठ शिकवली. दुकानातलीच, खोक्यावरची. फास टाकायचा, शेपूट त्यातून आत घ्यायचं, खिळ्यावर चढवायचं आणि ओढायचं. पोरांनी दहादा चुकवली, त्यानं दहादा दाखवली. "जितकं वढाल तितकी बसंल, भिऊ नगा," तो सांगत होता. तासाभरात मोठ्या पोरांना आली, मग मोठ्यांनी धाकट्यांना शिकवली.

आणि मग जे सुरू झालं ते बघायला बायका हातातली कामं टाकून विहाराच्या दाराशी जमल्या. गोरख फळीच्या डोक्याशी मांडी घालून बसला. एकेक पोर ओरडायचं, आबा, इथनं तिथं. गोरख नुसती नजर टाकायचा, दोरा खेचायचा, टक्. आबा, हिरवा. टक्. आबा, पिवळा, लांब पायजे. टक्. एकालाही तुकडा आखूड पडला नाही, एकालाही थांबावं लागलं नाही. काल ज्या झटक्याला पोरं हसली होती, त्याच झटक्याची आज प्रत्येक पोर वाट बघत होतं. गोरखच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायलाही त्याला सवड नव्हती. इतका आनंद त्याला शेवटचा कधी झाला होता, ते आठवायलाही सवड नव्हती. सरूबाई दारातल्या बायकांत उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि ती घरी जाऊन स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी चिक्कीची खोकी घरातल्या फळीवरून खाली आली आणि पोरांत वाटली गेली.

प्रज्ञेशचा एक दोरा भलत्याच खिळ्याला गेला, बाकीच्यांना आडवा छेद देऊन. अनघा तो सोडवायला गेली तर पोरगं रडकुंडीला आलं. "ऱ्हाऊ दे," गोरख म्हणाला. "झाडाची तरी कुटं सगळी पानं सरळ असत्यात." तो दोरा तसाच राहिला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारात जमली. वंदना झाली, खीर व्हायची होती. भिंतीवर पान टांगलेलं, त्यावर चादर. केरबातात्यांनी फ्लेक्सची गुंडाळी आपली कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. अनघानं पोरांना पुढं बोलावलं आणि चादर ओढली.

काळ्या फळीवर पुरुषभर उंचीचं पान उजेडात लकाकत होतं. कडेला गर्द हिरवं, आत पोपटी, शिरेपाशी पिवळं, आणि खाली लांब निमुळती शेपटी. मागून कुणी म्हातारी म्हणाली, ह्ये आपल्या पोरांनी केलं? पोरं लगेच सुरू झाली. हा माझा दोरा, तो माझा, तो वाकडा प्रज्ञेशचा. केरबातात्या चष्मा पुसून पुढं झाले, पानाला नाक लावून वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मग म्हणाले, "समदं बेस हाय. पर ह्याला देठ कुटंय?"

खरंच, पानाला देठ नव्हता. वर दोन खिळे मोकळे होते. अनघा गोंधळली. घाईत राहिला म्हणावं तर आदल्या दिवशी तिनं स्वतः ते दोन खिळे दाखवले होते, आणि पोरांनी आम्ही बांधतो म्हणून सांगितलं होतं.

"राहिला न्हाई," पायल म्हणाली. "ठेवलाय. तो आबांचा आहे."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. गोरख अगदी शेवटी, चपलांच्या जवळ बसला होता. त्यानं पानभर दोरा तोडून दिला होता, पण स्वतःचा असा एकही बांधला नव्हता. हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. पोरांच्या आलं होतं.

तो उठेना. पायल आणि प्रज्ञेशनं येऊन दोन्ही हात धरून ओढला तेव्हा उठला. माणसांनी सरकून वाट दिली. केरबातात्यांनी स्वतः स्टूल आणून ठेवलं आणि ते हलू नये म्हणून वाकून धरून राहिले. अनघानं तपकिरी दोऱ्याचं रीळ त्याच्या हातात दिलं.

त्यानं खालच्या खिळ्यावर फास चढवला. दोरा वर नेला, वेढा घेतला, परत खाली, परत वर. देठ हळूहळू जाड होत गेला. बाहेर चुलीवर शिजणाऱ्या खिरीचा खदखदाट आत ऐकू येत होता. शेवटची गाठ बसली. गोरखनं दोरा बोटाभोवती घेतला.

टक्.

"साधु," वंदनेच्या शेवटी तीनदा म्हणतात तसं सगळी पोरं एका दमात म्हणाली, आणि दुसऱ्या वेळी त्यांच्यात बाया मिसळल्या, आणि तिसऱ्या वेळी अख्खा विहार. स्टुलापाशी वाकलेले केरबातात्याही म्हणाले.

आता वळून खाली उतरायचं होतं. लोक थांबले होते, पोरं वर बघत होती, दारातून सरूबाई बघत होती. पण गोरख भिंतीकडंच तोंड करून उभा राहिला, आणि पक्की बसलेली ती गाठ उगाचच पुन्हा पुन्हा आवळत राहिला.