पाचवं पीस

दचकी अंड्यांवर बसली की शेतात गप्प राहायचं नाही, हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. दचकी म्हणजे कोंबडीएवढी राखाडी पक्षीण. काचसाळ या तिथल्या धान्याच्या खोडातली अळी तिच्याशिवाय कुणी खात नाही, म्हणून तिला हाकलता येत नाही. आणि नेमकी पीक पिकायच्या आठवड्यात ती शेताच्या मधोमध अंडी घालते, म्हणून तिला टाळताही येत नाही. माणसांचं संथ बोलणं कानावर पडत असलं की ती डोळे मिटून बसते. बोलणं तुटलं की कुणीतरी दबा धरून येतंय असं तिला वाटतं, आणि मानेवरची पाच पिसं एकेक करून उभी राहू लागतात. पाचवं उभं राहिलं की ती किंचाळते. त्या किंचाळीनं शेतातलं कणीस अन् कणीस फुटतं आणि दाण्यांचा चुरा मातीत जातो.

ओरडलेलं तिला चालत नाही, हसलेलं चालत नाही आणि एकट्याचं बोलणं तर मुळीच चालत नाही. एका गुरुजींनी एकट्यानंच भाषण देत कापणी करून पाहिली होती. सातव्या मिनिटाला ती किंचाळली. तिला कुणी दोष दिला नाही.

धाकटीच्या शेतातल्या अंड्यांना सकाळीच तडे गेले होते. पिल्लं बाहेर आली की दचकी आनंदानंही किंचाळते, म्हणजे ऊन उतरायच्या आत शेत कापून व्हायला हवं होतं. वर्षाचं धान्य आणि पुढच्या पेरणीचं बियाणं, दोन्ही त्या एका तुकड्यात उभं होतं. पण नवऱ्याचा घसा आठ दिवस दुसऱ्यांच्या शेतांत बोलून बोलून बसला होता. गावात विळे हवे तेवढे होते, गळे संपले होते. ठणठणीत गळा एकच उरला होता, थोरल्या जावेचा. तीन वर्षं धाकटीशी न बोलल्यानं तो अगदी नव्यासारखा राहिला होता.

नवरा हातवारे करत भावाच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि थोरली आली.

"भावजींनी हात जोडले म्हणून आलेय," बांधावर पदर खोचत ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही."

"हो, जाऊबाई."

"आणि विषय तू काढायचे."

धाकटीनं विषय काढले. छप्पर कुठं गळतं, शिंप्यानं बाही कशी उलटी लावली, शेळी कशी व्याली. थोरली "अगं बाई", "मग?", "त्याला काय अक्कल?" असं मोजून मापून परत देत होती. दोघींचे विळे खसाखस चालले होते. वीस ओळींतल्या बारा झाल्या. तेराव्या ओळीला शेळी पुन्हा व्याली.

"शेळी मघाशीच व्यालीय," थोरली म्हणाली.

"ती दुसरी."

"तुझ्याकडे एकच शेळी आहे."

धाकटीला पुढे काही सुचेना. एक पीस उभं राहिलं.

तेव्हा थोरलीनं, तब्येतीची चौकशी करावी तशा सुरात, विचारलं, "तू किती खोटारडी आहेस गं?"

पीस खाली बसलं. दचकीला अर्थाशी देणंघेणं नव्हतं, सूर सरळ असला की झालं.

"असं का म्हणता, जाऊबाई?" धाकटीही तेवढ्याच गोडव्यानं म्हणाली.

"तीन वर्षांपूर्वी माझं शेत फुटलं. मी बांधावर भारे बांधत होते. ओळीत तू होतीस आणि हे होते. हे म्हणतात, मी काहीतरी विचारलं आणि ती गप्प बसली. तू म्हणालीस, त्यांनी विचारलंच नाही."

"नाहीच विचारलं."

"नव्या सुनेचे भरलेले डोळे बघून गावानं तुझं ऐकलं. यांचं नाव घुम्या पडलं. आता हा माणूस घुमा नाही हे दाखवायला भिंतीशीसुद्धा बोलतो. दात घासताना बोलतो. तरी कापणीला कुणी नेत नाही. ऐकायला मी एकटी. विळा सांभाळ, बोट कापशील."

"सांभाळतेय."

"कधी कधी मलाच वाटतं, यांना डुलकी लागली असेल आणि हे माझ्याशी खोटं बोलत असतील. स्वतःच्या नवऱ्याबद्दल असं वाटणं बरं नाही. ऊन फार आहे ना आज?"

"फार आहे."

दोनच ओळी उरल्या, घरट्याला लागून. हात लांबवला तर दचकीची शेपटी हातात आली असती. अंड्यांतून टकटक ऐकू येत होती. थोरलीनं मूठ आवळून कापायला घेतलं. काचसाळीच्या पातींनी तिच्या मनगटावर ओरखडे उठले होते आणि त्यांतून रक्ताचे थेंब येत होते. पीक धाकटीचं होतं.

"शेवटचं विचारते," ती म्हणाली. "यांनी विचारलं होतं की नाही?"

'नाही' हा शब्द तीन वर्षं धाकटीच्या जिभेवर तयार असायचा. पक्षिणीला तोही पुरला असता. धाकटीनं तोंड उघडलं, आणि त्या मनगटाकडे बघता बघता तसंच मिटलं.

एक पीस. दोन.

थोरली हात थांबवून तिच्याकडे बघत होती. दुसरा विषय काढणं तिच्या हातात होतं. तिनं काढला नाही.

तीन. दचकीनं डोळे उघडले. चार. आजूबाजूची कणसं बारीक थरथरू लागली.

"विचारलं होतं," धाकटी म्हणाली.

पाचवं पीस अर्धं उठलं होतं. तिथंच राहिलं.

"काय विचारलं होतं?" थोरलीचा सूर केसभरही हलला नाही.

"म्हणाले, आमच्या घरात कसं वाटतंय. मला काय सांगावं सुचेना."

"मग 'बरं वाटतंय' म्हणायचं. तेवढं खोटं बोलायला काय झालं होतं?"

"तेव्हा बोलता येत नव्हतं, जाऊबाई. तुमच्या घरात आल्यावर शिकले."

थोरलीचं पोट गदागदा हललं. तिनं ओठ दातांखाली धरले, डोळ्यांत पाणी आलं, पण हसू तिनं बाहेर येऊ दिलं नाही. "काप," ती म्हणाली. "आणि शेळीचं सांग."

शेळी तिसऱ्यांदा व्याली. पिसं एकेक करून निजली.

शेवटचा भारा बांधाबाहेर पडला आणि मागे रिकाम्या शेतात दचकी किंचाळली. आता तिनं खुशाल किंचाळावं. थोरली शेतांपासून लांब, नदीच्या काठापर्यंत चालत गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मग ओरडली. तीन वर्षांचं सगळं, खालपासून वरपर्यंत, माहेरच्या माणसांसकट. पलीकडच्या काठावरची गुरं उठून उभी राहिली. धाकटीला घरी निघून जाता आलं असतं. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि थोरलीला धाप लागली तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

थोरली घटाघटा पाणी प्यायली. "आता हेच खळ्यावर सांगायचं," ती म्हणाली. आवाज बसला होता. "सगळ्यांसमोर."

"मग मला कापणीला कोण नेईल?"

"कुणी नेणार नाही."

धाकटीनं भारा डोक्यावर घेतला आणि खळ्याची वाट धरली. थोरली तिच्या मागून, भाऱ्याला हात लावून, चालू लागली.